गावतलावाची पाळ

तुमच्या गावाला तलाव आहे का? असेल, तर त्याच्या पाळीवरून तुम्ही रोज जाता-येता. गुरे तिच्यावरून जातात. बायका धुण्याची घमेली घेऊन तिच्यावरून उतरतात. पोरे तिच्यावर विटीदांडू खेळतात. पाळ म्हणजे मातीचा एक लांब ढीग, एवढेच आपल्याला वाटते. टेकडी असते, तशी पाळ असते.

पण टेकडी आपोआप झाली. पाळ आपोआप झालेली नाही. ती माणसांनी घातली आहे. टोपलीने माती वाहिली, ती पसरली, तुडवली, मग दुसरी वाहिली. ज्यांनी हे केले, त्यांची नावे बहुतेक गावांत आज कोणाला ठाऊक नाहीत.

आम्ही भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील शाळांतून तीसपेक्षा जास्त वर्षे शिकवले. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगा नदीचा हा मुलूख. येथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे जुने तलाव सहा हजारांवर आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव असते. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. मामाचा तलाव म्हटला की आपलाच झाला!

हे तलाव कोणी बांधले? त्यांतले पुष्कळ कोहळी लोकांनी बांधले. पूर्वी चांद्याला गोंड राजांचे राज्य होते. राजाने सांगितले, की जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल. अशी गोष्ट या भागात सांगतात. कोहळी लोक दूर काशीकडून आले, असेही सांगतात. गोष्ट कशीही असो, त्यांचा हात तलावात बसलेला होता, यात शंका नाही. कोणत्या नाल्याला कोठे अडवावे, पाळ कोठे घालावी, पाणी कोठपर्यंत चढेल, हे ते नजरेने ओळखत. आज याच कामाला दुर्बीण आणि नकाशे लागतात.

या तलावांत मोठा म्हणजे नवेगावबांधचा. तो गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळीने बंद केल्या आणि आतले पाणी अडवले. तलावाचा विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत त्याचा घेर 17 मैल दिला आहे. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. पाळीच्या टोकाशी कोलासूर देवाचे ठाणे आहे. हा देव म्हणजे तेच कोलू पाटील. जवळच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी कोलू पाटलांना मदत केली, असे लोक सांगतात. तलाव बांधणाऱ्या माणसाचा लोकांनी देव केला. आम्हाला यात नवल वाटत नाही. पाणी देणाऱ्याला देव म्हणायचे नाही, तर कोणाला?

आता कोणी विचारील, की झाडीपट्टीत पाऊस पुष्कळ पडतो. वर्षाला 1200 ते 1400 मिलिमीटर पडतो. मग तलाव कशाला?

हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाऊस पुष्कळ पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यातही कधी आठ दिवस मुसळधार, तर कधी वीस दिवस ऊन. येथील पीक धानाचे. धानाला बांधीत पाणी उभे राहावे लागते. आषाढात पऱ्हे तयार असतात, पण रोवणीपुरता पाऊस येत नाही. पऱ्हे वाढून वाया जातात. रोवणी साधली, तरी भाद्रपद-आश्विनात धान निसवायला लागतो आणि नेमका तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. लोंबी बाहेर पडते आणि पोचट राहते. तीन महिन्यांची मेहनत एका पाण्यासाठी जाते. हलका धान लवकर निघतो, तो कसाबसा वाचतो. भारी धानाला तर दिवाळीच्या आसपास पाणी लागते. ते एक-दोन पाणी देणे, हे या तलावांचे मुख्य काम. बारा महिने पाट वाहावा, म्हणून हे तलाव बांधलेले नाहीत.

याशिवाय तलावाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना पाझर राहतो. गुरांना पाणी होते. ढिवर लोक मासे धरतात, शिंगाडा लावतात.

तलावाचे मुख्य भाग तीन. पाळ, तुडूम आणि सांडवा.

पाळ पाणी अडवते. पाणी किती जोर करते, याचा आपल्याला अंदाज नसतो. तीन मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला तीन टन रेटते. घराचे एक दार साधारण दोन चौरस मीटरचे असते. ते दार तेवढ्या खोलीवर धरले, तर त्यावर सहा टनांचा भार येईल. दहा-बारा बैल उरावर बसल्यासारखेच ते झाले! हा जोर पाळ आपल्या वजनाने सोसते. म्हणून पाळ खाली फार रुंद आणि वर अरुंद असते. पाण्याकडची बाजू जास्त उतरती ठेवतात, कारण ओली माती उभी राहत नाही, घसरते. त्या बाजूला दगड बसवतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. माती घालताना वीतभर जाडीचे थर घालतात. प्रत्येक थर पाणी मारून तुडवतात. जुन्या काळी माणसे आणि बैल पाळीवर फिरवून हे काम करीत. एकदम गाडीभर माती ओतून मोकळे झाले, तर आत पोकळ्या राहतात. वरून पाळ छान दिसते, आतून ती गाळणी असते.

तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे दार. जुनी तुडुमे पाहण्यासारखी आहेत. पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या असतात. पायरीपायरीला एक भोक असते. भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. भोकातले पाणी खाली एका नळात पडते आणि पाळीखालून पलीकडे पाटात जाते. पाणी हवे असेल, तेव्हा सर्वांत वरचा खुंटा काढायचा. पाणी तेथपर्यंत उतरले, की त्याच्या खालचा काढायचा. यात शहाणपण काय? खुंट्यावर नेहमी थोडेच पाणी असते, म्हणून जोर थोडा असतो. एक माणूस हाताने खुंटा काढू शकतो. तळाशी एकच दार ठेवले असते, तर ते उघडायला लोखंडी चाके लागली असती. शिवाय पाणी हळूहळू उतरते. तलावाचे पाणी झटकन उतरले, तर पाळीची आतली ओली बाजू आधार सुटून घसरते.

तिसरा भाग सांडवा. कागदोपत्री त्याला वेस्टवेअर म्हणतात. तलाव भरला, की जास्तीचे पाणी येथून बाहेर जाते. सांडवा पाळीच्या माथ्यापेक्षा खाली असतो आणि मुरमाच्या किंवा दगडाच्या कठीण जागी काढलेला असतो. लोकांना सांडवा म्हणजे पाणी वाया घालवण्याची जागा वाटते. आम्हालाही एके काळी तसेच वाटत होते. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीत चूक आमची होती.

1993 साल. आम्ही ज्या गावी शिक्षक होतो, तेथील तलाव गाळाने उथळ झाला होता. त्या साली शेवटच्या बांध्यांना पाणी पुरले नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी ठरवले, की सांडवा दीड फूट उंच करावा. म्हणजे तेवढे पाणी जास्त राहील. आम्ही सातवीची मुले घेऊन गेलो. श्रमदान म्हणून दगड वाहिले. रेतीची पोती रचली, त्यांना सागाच्या फळ्या टेकवल्या. आम्ही तेव्हा लहानसे भाषणही ठोकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

1994 चा पावसाळा मोठा आला. श्रावणात तीन दिवस पाऊस थांबेना. तिसऱ्या रात्री शाळेचे दार वाजले. आम्ही शाळेतच निजत असू. बाहेर एक म्हातारे ढिवर बाबा उभे. अंगावर घोंगडी, हातात कंदील.

"उठा जी गुरुजी," ते म्हणाले. "पाळीच्या मांगं पानी निंगून रायलं. अन् गढूळ हाय."

आम्ही धावलो. पाळीवर चढून कंदील धरला, तर पाणी माथ्याच्या हातभर खाली. पाऊस चालूच. पाळीमागे, पायथ्याशी, मनगटाएवढा झरा उकळल्यासारखा वर येत होता. त्याच्या तोंडाशी मातीचे लहान वारूळ तयार झाले होते. पाळीखाली तीस-पस्तीस घरे होती. आमची शाळाही तेथेच.

बाबा म्हणाले, "पहिले सांडवा मोकळा करा."

तोवर गाव जमले होते. ज्यांच्या बांध्या शेवटाला होत्या, ते फळ्या काढू देईनात. एक पाटील म्हणाले, "फळ्या काढाल तं दिवाळीले धान कुठून आनाल, गुरुजी?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांची सहा एकर त्याच पाण्यावर होती. मागल्या साली त्यांनी तणस विकून दिवस काढले होते.

मग पाळीखालच्या घरांतली एक म्हातारी बाई पुढे आली. नातू काखेला होता. ती म्हणाली, "धान गेला तं एक साल जाईल जी पाटील. घरं गेली तं?"

कोणी काही बोलले नाही. पाटील स्वतःच सांडव्यात उतरले आणि त्यांनी पहिली फळी उपटली.

आता झऱ्याचे काय केले, ते नीट वाचा. आम्ही झऱ्याच्या तोंडावर चिकण माती थापायला निघालो होतो. बाबांनी आमचा हात धरला. झऱ्याचे तोंड बाहेरून बंद केले, तर पाणी आत कोंडते आणि दुसरीकडून जास्त जोराने फुटते. पाणी जाऊ द्यायचे, माती जाऊ द्यायची नाही. म्हणून झऱ्यावर आधी जाड रेती टाकली. तिच्यावर बारीक गिट्टी. तिच्यावर दगड. भोवती रेतीच्या पोत्यांचे कडे केले. पाण्याच्या बाजूला दोघे जण दोर बांधून उतरले. जेथे पाणी आत ओढले जात होते, तेथे त्यांनी चिकण मातीची पोती दाबली. माती थापायची असेल, तर ती आतल्या, पाण्याच्या बाजूने. पहाटे झऱ्याचे पाणी बारीक झाले आणि निवळले. सांडवा धो धो वाहत होता. पाणी माथ्यापासून दोन हात खाली गेले होते.

मागाहून आम्ही एका अभियंत्यांना विचारले. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. मातीची पाळ मुख्यतः दोन प्रकारांनी फुटते. एक, पाणी माथ्यावरून वाहिले तर. सिमेंटच्या भिंतीवरून पाणी वाहिले, तर ती बहुधा टिकते. मातीवरून वाहिले, तर पलीकडची माती धुपत जाते, घळ पडते, आणि तासा-दोन तासांत घळीची खिंड होते. म्हणूनच सांडव्याला हात लावायचा नाही. दुसरा प्रकार आतून पोखरण्याचा. उंदीर आणि खेकडे बिळे करतात. झाड वाढते, मग ते कोणी तोडते. मुळ्या आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. पाणी अशा वाटेने शिरते आणि जाताना थोडी थोडी माती नेते. वाट रुंदावत जाते. पाळीमागे थोडा ओलावा असतोच. स्वच्छ पाणी झिरपले, तर त्यावर लक्ष ठेवावे. गढूळ पाणी आले, की समजावे, पाळ आतून वाहून चालली आहे. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही.

हे फक्त जुन्या तलावांचे नाही. मातीचे धरण नवे असले, तरी त्याला हाच नियम. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहरात हाहाकार झाला. त्या धरणाचे काम तेव्हा पुरते झालेही नव्हते. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात तिवरे येथील धरण फुटले. वीसपेक्षा जास्त माणसे गेली. धरण गळते, हे गावकऱ्यांनी आधीच पाहिले होते आणि कळवलेही होते.

म्हणून पाळीवर लक्ष कोणाचे, हा प्रश्न येतो. पूर्वी मालगुजाराचे असे. पाटावर पाणी वाटायला ठरलेला माणूस असे. उन्हाळ्यात तलाव आटला, की शेतकरी गाड्या जुंपून गाळ काढत आणि आपल्या बांध्यांत टाकत. शेताला खत मिळे, तलाव खोल राही. पण त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी मालगुजार वेठीने काम करून घेई. पाळीवर माती टाकणाऱ्या मजुराच्या पदरात काय पडे, ते त्याच्या पोराबाळांनाच माहीत.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. 1951 पासून तलाव सरकारचे झाले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. वेठ गेली, हे उत्तम झाले. पण वेठीबरोबर कामही गेले. शेतकरी म्हणू लागला, तलाव सरकारचा, गाळ सरकारने काढावा. सरकारजवळ तलाव हजारो आणि माणसे थोडी. पाण्याची पट्टी द्यायची की हे पाणी आपल्या हक्काचे, यावरूनही पुष्कळ वर्षे वाद झाले. तेवढ्यात तलावात बेशरम माजली. कडेच्या बुडीत जमिनीत कोणी कोणी धान लावू लागले. त्यांना तलाव भरलेला नको, कारण त्यांचे पीक बुडते. खालच्यांना भरलेला हवा. ढिवरांना तळाशी थोडे पाणी वैशाखापर्यंत हवे, नाहीतर मासे मरतात. एका तलावाला तीन धनी, आणि पाळीवरचे झुडूप काढायला एकही नाही.

आमच्या गावातही तेच होते. त्या रात्रीनंतर सांडवा पूर्वीच्या उंचीवर आला. त्या साली आश्विनात पाऊस गेला आणि पाटलांच्या शेवटच्या दोन बांध्या पोचट गेल्या. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. आम्हीच पुष्कळ दिवस त्यांच्या दारावरून गेलो नाही.

पाणी वाढवायचे होते, हे खरेच होते. मग कसे वाढवायचे? पुढल्या चैत्रात शाळेच्या फळ्यावर आम्ही हिशेब मांडला आणि गावाला बोलावले. तुम्हीही करून पाहा. 10 एकर जागेतला एक फूट गाळ काढला, तर सुमारे 1 कोटी 23 लाख लिटर पाण्याची जागा होते. धानाच्या बांधीत 5 सेंटिमीटर पाणी उभे करायला एका एकराला सुमारे 2 लाख लिटर लागते. म्हणजे 60 एकरांना एक पाणी. वाटेतली गळती वजा केली, तरी 40 एकर कोठे गेले नाहीत. सांडवा वर चढवला, तर पाळ धोक्यात. तळ खाली नेला, तर पाळीला इजा नाही आणि पाणी तेवढेच.

पाटलांनी हिशेब दोनदा ऐकला. मग ते म्हणाले, "माझ्या दोन गाड्या लिहा." त्या उन्हाळ्यात एकोणीस गाड्या लागल्या. सगळा गाळ निघाला नाही. पाच वर्षांत निम्मा निघाला असेल. आता यंत्रे आली आहेत. 2017 साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, तेव्हापासून ट्रॅक्टरने गाळ नेणारे शेतकरी आम्ही पाहिले. यंत्र असले, म्हणजे एक जपावे लागते. पाळीच्या पायथ्याला लागून खणू देऊ नये. पायथा सुटला, की पाळ खचते. तळाचा चिकण थरही फोडू देऊ नये. गाळ संपून कठीण माती लागली, की थांबायचे. नाहीतर खोल केलेला तलाव पाणीच धरत नाही. यंत्रवाल्याला हे ठाऊक नसते, त्याला तासाचे पैसे मिळतात. जवळ गावचे माणूस उभे पाहिजे.

गाळाबरोबर आणखी एक गोष्ट ठरली. मृगापूर्वी एक दिवस पाळीवरची झुडपे लहान असतानाच काढायची, बिळे खणून चिकण मातीने ठोकून भरायची, आणि सांडव्यातला कचरा साफ करायचा. मोठे झाड असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी खात्याच्या माणसाला विचारायचे. पावसाच्या मोठ्या रात्री दोघांनी कंदील घेऊन पाळीमागून चालायचे. वरून नाही, मागून. झरा मागेच दिसतो. पहिल्या वर्षी ही पाळी ढिवर बाबांनी आणि पाटलांनी घेतली होती.

सांडव्याच्या बाजूच्या दगडावर आम्ही मुलांकडून चुन्याची एक आडवी रेघ काढून घेतली. सांडवा याच्यावर न्यायचा नाही, अशी ती खूण. आम्ही त्या गावाहून बदलून गेलो, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. मध्यंतरी एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम पाळीवर जाऊन आलो. चुना नव्हता. कोणी तरी त्याच जागी लाल ऑइलपेंटने रेघ ओढली होती.